कुणाची आई वेगळी नाही

आमच्या मिशनच्या जेवणघरात पाच टेबलं आहेत. एकेका टेबलाला आठ मुलं आणि एक आई. या आया म्हणजे आमच्याकडे आसऱ्याला आलेल्या बायका. कुणाचा नवरा गेला, कुणाला नवऱ्यानं हाकललं, कुणाला नवरा कधी नव्हताच. काही कडेवर पोर घेऊन आल्या, काही रिकाम्या हातांनी. मुलं मात्र बहुतेक पोरकी. आणि नियम असा, की ज्या टेबलावर आपलं स्वतःचं मूल आहे ते टेबल कुठल्याही आईला द्यायचं नाही.

नियम आमच्या ह्यांचा. हे म्हणजे मिशनचे पाळक. मी नर्स, शिवाय त्यांची बायको, म्हणजे उरलेलं सगळं काम माझं. बावीस वर्षांपूर्वी गावच्या चर्चमधल्या मंडळीचा निरोप घेऊन आम्ही दोघं समुद्रापार इथं आलो. पहिल्याच वर्षी एका बाईनं आपल्या मुलाला मांडीवर घेतलं आणि त्याला फुंकर मारमारून दूध पाजलं. समोरच्या बाकावरच्या सहा मुलांनी आपापले पेले खाली ठेवले. एकही रडलं नाही, नुसती बघत राहिली. ह्यांना ते बघवेना. त्या दिवसापासून ठरलं, इथं कुणाची आई वेगळी नाही. आया माडीवर झोपणार, मुलं खाली. एकाला उचललं तर टेबलावरच्या आठही जणांना उचलायचं. 'माझी आई' कुणी म्हणायचं नाही, नुसतं 'आई' म्हणायचं.

गावच्या मंडळीला हे फार आवडलं. दर वर्षी पत्रात कुणी ना कुणी लिहितंच, केवढं मोठं मन तुमचं. मन असेल मोठं, पण जिना दिवसातून तीस वेळा चढतात ते गुडघे माझे आहेत. 'प्रभू पाहून घेईल' असं हे म्हणतात, आणि प्रभू पाहतोही, मी नाही म्हणत नाही. पण ओल्या गाद्या उन्हात टाकायला अजून तो स्वतः आलेला नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला विचारायला नको. आम्हाला मूल नाही. तेव्हा नियम करताना आमच्या खिशातून काहीच जाणार नव्हतं. हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं, या आठवड्यात सुचलं.

तर ती शिवणवाली. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा तिच्या खांद्यावर आठ-नऊ महिन्यांची पोर होती आणि हातात एक पत्र्याची पेटी. सगळ्यांना सांगते तसंच मी तिला पहिल्या दिवशी नियम सांगितले, आणि शेवटी सगळ्यांना सांगते तेच वाक्य सांगितलं, "नियम मोडलात तर दोघींनाही जावं लागेल." हे वाक्य म्हणजे आमचं बुजगावणं. आजवर मी कुणालाही घालवलेलं नाही. बायकांना ते आठवड्याभरात कळतं. मग कुणी उशीखाली खाऊ लपवते, कुणी आंघोळीच्या वेळी आपल्याच पोराचे केस जरा जास्त वेळ पुसते, कुणी जिन्याखाली एक पटकन मुका घेऊन मोकळी होते. मी बघून न बघितल्यासारखं करते. नियम हा असाच चालतो, थोडा पाळून आणि थोडा मोडून.

शिवणवालीनं तो सगळाच पाळला. माडीवरच्या टोकाच्या खोलीत तिला मशीन दिलं. चाळीस मुलांचे कपडे, चादरी, आयांची पोलकी, सगळं तीच शिवायची. मी एकदा मुद्दाम तिच्या पोरीचा फ्रॉक उलटा करून पाहिला होता, एखादी जास्तीची शिवण, एखादी झालर, काही तरी असेल म्हणून. काही नव्हतं. शेजारच्या सात फ्रॉकांसारखाच आठवा फ्रॉक. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं. रविवारी उपासनेनंतर मी चार बायकांत तिचं उदाहरणही दिलं. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

पोरीला आम्ही लवंगी म्हणतो. एवढीशी आहे, पण तोंडात धरवत नाही. ती तिसऱ्या टेबलाची, आणि तिसऱ्या टेबलाची आई म्हणजे आमची स्वयंपाकीण. अंगानं भरभक्कम, आवाज असा की जेवायला बोलवताना परात वाजवायची गरज पडत नाही. आली तेव्हा एकटीच आली होती. बाळंतपणातच तिचं मूल गेलं होतं आणि नवऱ्यानं त्याचा दोषही तिच्याच माथी मारला होता. लवंगी तिच्या मागेमागे फिरायची. आम्ही हसायचो, म्हणायचो, मुंगीला गुळाची ढेप सापडली.

सोमवारी दुपारी शिवणवाली माझ्याकडे दवाखान्याच्या खोलीत आली. शिवणवालीचं बोलणं म्हणजे मोजून मापून. "बाई, मला काम मिळालंय. शर्टांच्या कारखान्यात. दोन गावं सोडून. राहायला खोली देतात. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. मी हिला घेऊन जाते." एवढं बोलून तिनं बालकल्याण खात्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. खात्याची बाई गुरुवारी अकरा वाजता येणार होती. मूल आमच्या ताब्यात असलं की ते आईच्या ताब्यात द्यायलाही खात्याची सही लागते. सही नाही झाली तर पोर इथंच राहणार, आणि पोरीसाठी ही थांबली तर खोली-काम हातचं जाणार.

मला आनंदच झाला. आमच्याकडून कुणी आपल्या पायावर उभं राहून बाहेर पडतं असं वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतं. मी कागद वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीवर येऊन थांबले. 'मूल आईस ओळखते काय? मुलास विचारून लिहावे.'

शिवणवाली समोर उभी होती, पहिल्यांदाच जराशी हसत. मी म्हटलं, "बरं झालं हो. फार बरं झालं." ती गेल्यावर मी खुर्चीवर बसून राहिले.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी गोवराची साथ आली. अकरा मुलं एकदम अंथरुणात. तीन दिवस मी पाठ टेकली नव्हती. लवंगी तेव्हा तीन वर्षांची. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई नियम मोडून त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, ते लवंगी बघत होती. मी औषध द्यायला वाकले तेव्हा तिनं विचारलं, "माझी कोणती?" मला उत्तर द्यायचंच नव्हतं. 'सगळ्याच' म्हटलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, ती तशीच आहे. मला फक्त तिनं डोळे मिटायला हवे होते. मी म्हटलं, "तुला भरवते ना, ती तुझी." तिनं डोळे मिटले. मी पुढच्या खाटेकडे गेले आणि जे बोलले ते विसरून गेले. खोटं बोलणाऱ्याला निदान खोटं लक्षात ठेवावं लागतं. मी दमलेली होते, मला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

मंगळवारी सकाळी मी ह्यांना सांगितलं. हे रविवारच्या उपदेशाची टिपणं काढत होते. चष्मा वर करून म्हणाले, "अगं, रक्ताची ओढ असते. ओळखेल बरोबर."

"ओढ असायला दोर तरी बांधायला हवा होता," मी म्हटलं. "मी आज पोरीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगते."

"आणि मग उरलेल्यांचं काय? ती पोर जेवणघरात जाऊन सांगणार. संध्याकाळच्या आत एकेक मूल तुझ्याकडे येईल आणि विचारेल, माझी कोणती. तेव्हा काय सांगशील?"

माणूस वाईट नाही माझा. त्याला खरंच त्या सहा मुलांचे खाली ठेवलेले पेले अजून दिसतात. पण मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता आणि त्यानं काहीच सुटत नव्हतं. मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू," आणि गाद्या उचलायला गेले. मंगळवार तसाच गेला. सांगायचं म्हणून मी दोनदा लवंगीपर्यंत गेले आणि दोनदा तिचं शेंबडं नाक पुसून परत आले.

बुधवारी मी स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकीण बटाटे सोलत बसली होती. म्हटलं आधी हिला विश्वासात घ्यावं. सगळं सांगितलं. तिनं सुरी थांबवलीसुद्धा नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती मला आई समजते ते. दोन वर्षांपूर्वीच कानात येऊन सांगितलं तिनं. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, नियम आहे."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? नाही म्हणायचं?" आता मात्र तिनं सुरी खाली ठेवली. "बाई, ज्याच्या हातात काही नाही त्याला कुणी आपणहून काही दिलं, तर तो उठून परत करायला जात नाही. मीही गेले नाही."

मी तिला म्हटलं, तूच पोरीला समजाव, तुझं ऐकेल. ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते तुम्हीच निस्तरा." आणि बटाटे घेऊन वळून बसली. तिच्या पाठीकडे बघून मला एवढंच कळलं, की ही बाई रडताना कुणाला दिसू देत नाही.

मग माडीवर गेले. शिवणवाली शेवटचे कपडे संपवत होती. जायच्या आधी सगळ्या मुलांच्या गुंड्या तपासून जाणार होती. मी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर जमलं नसतं. मशीनचं चाक तिनं हातानं धरून थांबवलं.

"म्हणजे मी नियम मोडायला हवा होता?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच माहिती हवी होती.

"बाकीच्या मोडायच्या ते मला दिसायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, एक दिवस तुम्ही त्यांना बाहेर काढाल. मग त्यांची पोरं घेऊन त्या कुठं जातील, असं वाटून मला वाईट वाटायचं त्यांचं."

मी म्हटलं, चूक माझी आहे. तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. नियमानं वागणारं माणूस असं उघड्यावर पडतं आणि नियम वाकवणारी तरून जातात, हे मी आयुष्यभर लोकांच्या बाबतीत बघत आले. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच तोंडच्या वाक्यानं ते झालं होतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी लवंगीला चपलांच्या फळीपाशी थांबवलं. खाली बसले तसे गुडघे वाजले, ती हसली. मी सांगितलं, की तुला भरवते ती तुझी आई असं मी म्हटलं होतं, ते चुकलं. तुझी आई शिवणवाली आई. तिच्या पोटातून तू आलीस. ती तुला आपल्या घरी नेणार आहे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही." आणि पायात चप्पल सरकवून गेली. ओरडली असती, रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं.

गुरुवारी खात्याची बाई अकराच्या ठोक्याला आली. दवाखान्याच्या खोलीत टेबलाशी ती, बाजूला हे, मी औषधांच्या कपाटाला टेकून. शिवणवाली भिंतीच्या बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून, धुतलेल्या साडीत. लवंगीला मध्ये उभी केली.

"तुझी आई कोण आहे, बाळ?" खात्याच्या बाईनं विचारलं. आवाज मायेचा होता, मला उगाचच तिचा राग आला.

"सगळ्या," लवंगी म्हणाली. आम्हीच पढवलेलं उत्तर. ह्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं, आणि ते आलेलं मला दिसलं याचं मला अजून वाईट वाटतं.

"तसं नाही. तुझी स्वतःची."

लवंगीनं दाराबाहेर, स्वयंपाकघराकडे बोट केलं.

खात्याच्या बाईनं शिवणवालीकडे पाहिलं, मग कागदाकडे. "त्यांना बोलवा," ती म्हणाली.

स्वयंपाकीण ओले हात पुसत आली. दारातच थांबली. तिनं लवंगीकडे पाहिलं नाही, बाकाकडे पाहिलं. बाकावर शिवणवाली तशीच बसली होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत हातातून जात होतं, तरी नियमानं वागायचं म्हणून तोंडून शब्द काढत नव्हती. ते स्वयंपाकिणीला बघवलं नसावं. ती आपल्या त्या परातीच्या आवाजात म्हणाली, "मी नाही हिची आई. मला तिसऱ्या टेबलाचं काम दिलंय म्हणून मी भरवते. उद्या चौथं दिलं तर त्यांना भरवीन. माझा भात लागतोय, मी जाऊ?"

आणि गेली. लवंगीचं बोट अजून वरच होतं. मग ते हळूहळू खाली आलं.

आता माझी पाळी होती. मी कपाटापासून पुढे झाले आणि सांगितलं. नियम काय, का केला, गोवरात मी पोरीला काय सांगितलं, या बाईनं चार वर्षांत आपल्या मुलीला एकदाही उचलून का घेतलं नाही. "ही ओळखत नाही तो दोष आईचा नाही," मी म्हटलं. "आम्ही ओळखू दिलं नाही. असंच लिहा." हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

खात्याची बाई बराच वेळ लिहीत होती. मग तिनं विचारलं, "हा तुमचा नियम कुठं कागदावर आहे?"

"नाही," हे खिडकीपासूनच म्हणाले.

"आता आला," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती परत येणार, एकेका आईला आणि एकेका मुलाला वेगळं भेटणार. आमचं मिशन असंच चालू राहील की नाही ते मग ठरेल. मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, येऊ दे, निदान कुणी तरी येऊन विचारू दे.

शेवटी तिनं लवंगीला विचारलं, "या आईबरोबर जाशील?" लवंगीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. ती चालत बाकापाशी गेली आणि शिवणवालीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मध्ये एक हात जागा सोडून. खात्याच्या बाईनं सही केली. तीन महिन्यांपुरती, नंतर पुन्हा पाहणी.

शनिवारी सकाळी त्या निघाल्या. मुलं जेवणघराच्या खिडक्यांत दाटीवाटीनं उभी होती. ह्यांनी फाटकापाशी प्रार्थना केली. एरवी ह्यांची प्रार्थना लांबते आणि मी खोकून इशारा देते. त्या दिवशी दोन वाक्यांत 'आमेन' म्हणाले आणि आत गेले. स्वयंपाकीण बाहेर आलीच नाही. आत भांडी मात्र फार जोरात घासली जात होती.

बस कोपऱ्यावर थांबते. मी त्यांना फाटकाबाहेर पोचवायला गेले. पुढे शिवणवाली पेटी घेऊन, मागे लवंगी, दोघींच्या मध्ये चार पावलांचं अंतर. दहा-बारा पावलं गेल्यावर लवंगी थांबली. रडत नव्हती, नुसती थांबली, पुढेही जाईना, मागेही येईना. शिवणवालीनं वळून पाहिलं. पेटी रस्त्यावर ठेवली. पोरीकडे आली, तिच्यापुढे उभी राहिली, हात अर्धवट पुढे केले आणि तसेच धरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "हिला उचललं तर चालेल का? एकटीला?"

सही झाली होती. फाटक मागं राहिलं होतं. भर रस्त्यात, आपल्या पोटच्या पोरीसाठी, ती माझी परवानगी मागत होती. मी मान हलवली.

तिनं वाकून लवंगीला उचललं. सवय नव्हती, आधी एक हात चुकीच्या जागी गेला, मग बदलला. पाच वर्षांची पोर, जड झालेली. लवंगीनं अंग ताठ ठेवलं होतं, मान मागे, नजर तिच्या खांद्यावरून आमच्या स्वयंपाकघराकडे. पण ती उतरली नाही. शिवणवाली तिला घेऊन चालू लागली, धापा टाकत, न थांबता, आणि कोपरा येईपर्यंत तिनं पोरीला खाली ठेवलं नाही. पेटीचं तिला भानच राहिलं नव्हतं. ती मी उचलली आणि त्यांच्या मागून चालत गेले.